बातमी बाहेर कोण नेतं

माझी आत्या रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचायची. रस्त्यात तिला चेहऱ्यावरून कुणी ओळखत नसे, पण दुकानात उभं राहून तिने साबणाची वडी मागितली की आजूबाजूची माणसं वळून बघायची. एकदा ती खोकल्याचं औषध आणायला गेली, तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणजे खोकला खराच असणार." हे वाक्य आत्याने पुढे कित्येक वर्षं मिरवलं. काका, म्हणजे तिचे यजमान, तिला चिडवायचे की घरात मात्र तुझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी नाही. तेव्हा ती नुसती थट्टा होती.

रेडिओ सरकारच्या पैशावर चालायचा. पण बातमी कुठली द्यायची आणि कशी द्यायची, हे ठरवायचा अधिकार कायद्याने वृत्तविभागाचा होता. नवीन माणूस रुजू झाला की त्याला हे पहिल्याच दिवशी सांगितलं जाई, आणि सांगणारा स्वतःही ते मनापासून मानत असे. निदान आत्याच्या सुरुवातीच्या काळात तरी.

वृत्तविभागाची बैठक दुपारच्या जेवणानंतर भरायची. इमारतीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथल्या टेबलाचा एक पाय आखूड असल्याने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असे, आणि कुणी कोपर टेकलं की सगळ्यांचे चहाचे कप हलत. भिंतीला एक फोन होता, त्याची वायर इतक्या वेळा गुंडाळली गेली होती की बोलणाऱ्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. त्या खोलीत संध्याकाळचं बातमीपत्र ठरायचं. आत्याला तिथे बसायची सक्ती नव्हती, तिचं काम वाचण्याचं. पण आपण काय वाचणार आहोत ते आपल्याला आधी कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

वृत्तसंपादकाला सगळे मास्तर म्हणत, कारण रेडिओवर येण्याआधी ते शाळेत शिकवत असत. मऊ आवाजाचा, कधी न चिडणारा माणूस. कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतःहून म्हणायचे, "तुम्ही जा, आम्ही बघतो." त्यांच्या उजव्या हाताला कात्री बसायचा. तो आवाजाच्या फिती कापायचा. कापणं संगणकावर आलं तरी नाव काही सुटलं नाही. आत्याची आणि त्याची जुनी दोस्ती. वाक्य कुठे संपतं हे त्याला तिच्या श्वासावरून कळायचं, आणि ती अडखळली तर कुठल्या अक्षरावर अडखळणार हेही. समोर बसायची भटकी. ती वार्ताहर. सतत बाहेर, बुटांना नेहमी चिखल लागलेला.

भटकीने एकदा कामगार वसाहतीतली बातमी आणली. सरकारने तिथे नवीन पाणीयोजना सुरू केली होती, मोठ्या थाटात उद्घाटन झालं होतं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच घराघरात कावीळ. भटकीने बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून आणले होते. त्यातली एक म्हणत होती, "नळाला पाणी येतं, पण मुलांना आम्ही ते देत नाही." बैठकीत ते सगळ्यांनी ऐकलं. मास्तर म्हणाले, बातमी चांगली आहे, आज लावू.

बैठक उठली. चार घरच्या चार गप्पा झाल्या. आणि बातमीपत्राच्या जरा आधी मास्तर हातात चष्मा घेऊन स्टुडिओच्या दाराशी आले. सरकारच्या प्रसारण खात्यातून फोन आला होता म्हणाले. फार सभ्यपणे विचारत होते, की पाण्याबद्दल तुम्ही काही देताय असं कळलं, तर पाणीपुरवठा विभागाची बाजू घेतलीत का? ती घेतलेली नव्हती. म्हणून बातमी उद्यावर.

दुसऱ्या दिवशी विभागाची बाजू आली आणि बायकांचे आवाज कापले गेले. तिसऱ्या दिवशी 'कावीळ' जाऊन 'काही तक्रारी' आल्या. आत्याने ते वाचलं. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तक्रारी खरोखरच होत्या.

सगळ्यांच्या डोक्यात बसलं ते वेगळंच. न लागलेली बातमी खात्याला कळली कशी? बैठकीत माणसं मोजकी. पुढे असं वरचेवर होऊ लागलं. पुलाच्या कठड्याची बातमी ठरली की फोन. शिक्षकांच्या बदल्यांची ठरली की फोन. फोन मास्तरांच्या खोलीत येई, आणि मास्तर तो निरोप घेऊन खाली मान घालून येत. एके दिवशी त्यांनी टेबलाभोवती सगळ्यांकडे बघितलं आणि दुखावल्या स्वरात म्हणाले, "आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय."

झालं. त्या दिवसापासून त्या खोलीची हवाच बदलली.

आता सांगायला हवं की आत्याचा दीर प्रसारण खात्यात अधिकारी होता. ही काही लपवलेली गोष्ट नव्हती. उलट पूर्वी कुणाचं काम अडलं की लोक आत्यालाच म्हणत, जरा भाऊजींच्या कानावर घाल. दर रविवारी भाऊजी घरी यायचे, काकांशी बुद्धिबळ खेळायचे, हरायचे, आणि वहिनींच्या हातचा चहा पिऊन जायचे. आता तेच नातं तिच्या गळ्यात अडकलं.

कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण ती आली की बोलणं थांबायचं आणि मग कुणीतरी उगाच हवेबद्दल काहीतरी म्हणायचं. भटकी तिच्यासमोर आपल्या कामाबद्दल बोलेनाशी झाली. कात्री कानाला हेडफोन लावून बसलेला असे. पूर्वी ती आली की तो एका कानावरून तो सरकवायचा, आता दोन्ही कान झाकलेलेच. आत्याला आधी वाटलं, आपल्याच मनाचे खेळ. मग एकदा बैठकीत भटकी एका बातमीबद्दल बोलता बोलता थांबली, आत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे नंतर सांगते." तेव्हा आत्याला सगळं समजलं. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली, असं तिने मला फार नंतर सांगितलं.

रडून झाल्यावर तिनेही विचार करायला सुरुवात केली. मी नाही, तर कोण? कात्रीच्या मुलीला नुकतीच सरकारी वसतिगृहात जागा मिळाली होती, जिथे भल्याभल्यांना मिळत नाही. भटकीला परवानगीपत्रं पटापट मिळायची. एकदा शोधायला लागलं की प्रत्येकाच्या घरात काहीतरी सापडतंच. कात्रीबद्दल असा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

मग तिने एक युक्ती केली. फक्त कात्रीला एकट्याला गाठून सांगितलं की भटकी वीजमंडळाच्या मोठ्या अधिकाऱ्याबद्दल काहीतरी आणतेय, कुणाला बोलू नकोस. असं काहीच नव्हतं. ती वाट बघत राहिली. फोन आला नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला वाटलं, बघ किती हुशार आहे, त्याने माझी चाल ओळखली.

बाहेर कुणी सापडेना तेव्हा तिचा संशय घरात शिरला. जेवताना ती दिवसभराचं सगळं काकांना सांगायची, अनेक वर्षांची सवय. आणि काका रोज भावाशी फोनवर बोलायचे. तिने जेवताना बोलणं बंद केलं. काकांनी विचारलं, आज काय विशेष? ती म्हणाली, काही नाही. दुसऱ्या दिवशी, काही नाही. मग एके संध्याकाळी काका भावाशी फोनवर बोलत असताना ती पडद्याआड उभी राहिली. काका गुडघेदुखीबद्दल बोलत होते. बोलता बोलता वळले आणि पडद्याखाली त्यांना तिची पावलं दिसली.

काकांनी फोन ठेवला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्यावर पाळत ठेवायची असेल तर समोर बसून ठेव. उभं राहून तुझेच पाय दुखतील."

त्यानंतर त्या घरात बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलणं होतं. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडे राहायचे. दोघं माझ्यामार्फत बोलायची. काकांना सांग, दूध आणायचंय. आत्याला सांग, आणलंय.

शेवटी काकांनीच पुढाकार घेतला. रविवारी भाऊजी आले तेव्हा त्यांनी बुद्धिबळाचा पट उघडलाच नाही. भावाला म्हणाले, हिला तुला काहीतरी विचारायचंय, आणि ते तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय या घरात सुख नाही. आत्या चहाचा कप हातात घेऊन उभीच होती. तिने विचारलं, "भाऊजी, आमच्याकडची बातमी तुमच्याकडे कोण पोचवतं? आमच्या घरातून जाते का?"

भाऊजी आधी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरलं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरून मला फक्त दादाच्या गुडघ्याची बातमी मिळते. तुमचं बातमीपत्र तर तुमचे मास्तरच रोज दुपारी फोनवर वाचून दाखवतात. सगळं. पहिल्या बातमीपासून हवामानापर्यंत."

आत्या खुर्चीवर बसली. कुणाच्या सांगण्यावरून, तिने विचारलं. भाऊजी म्हणाले, तीच तर गंमत आहे. कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा आमच्या साहेबांना कळेचना की हे आपल्याला का ऐकवतायत. पण माणूस ऐकवतोय म्हटल्यावर साहेबांनी ऐकलं, आणि ऐकल्यावर काहीतरी मत द्यायलाच हवं. म्हणून म्हणाले, त्या विभागाची बाजू घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता सवय झालीय. एखाद्या दिवशी उशीर झाला तर आमचे साहेब अस्वस्थ होतात, विचारतात, आज काय लपवतायत?

त्या संध्याकाळी आत्या काकांची माफी मागायला गेली. काका म्हणाले, दूध तू स्वतः सांगितलंस तरी मी आणीन. एवढ्यावर ते भांडण मिटलं. तसं ते माणूस सोपं होतं.

सोमवारी बैठकीच्या आधी आत्या मास्तरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला वाटलं होतं मास्तर नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले की शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तिथल्या संपादकाने कुणाला विचारलं नाही, आणि वर्षाच्या आत निम्मी माणसं घरी बसली, उरलेली गाणी लावतायत. आपल्याकडे इतक्या दिवसांत कुणाची नोकरी गेली? एकाची तरी? मी आधी सांगतो म्हणून ते एक वाक्य काढा म्हणतात. सांगितलं नसतं तर वाक्य लिहिणाऱ्याला काढलं असतं.

ती मला म्हणायची, ते खोटं बोलत असते तर सोपं झालं असतं. मग तिने दुसरंच विचारलं. "खोलीतले सगळे माझ्यावर संशय घेत होते. ते तुम्हाला दिसत होतं ना?"

"मी तुमचं नाव कधीही घेतलं नाही," मास्तर म्हणाले.

"तसं नाही म्हणूनही सांगितलं नाहीत."

मास्तर दाराकडे बघत म्हणाले की बैठकीची वेळ झाली.

बैठकीत भटकीने पुन्हा पाण्याचाच विषय काढला होता. वसाहतीतली दोन मुलं दवाखान्यात होती. बातम्या ठरल्या, मास्तर उठायला लागले, तेव्हा आत्या म्हणाली, "मास्तर, आज तो फोन इथूनच करा. भिंतीवरचा आहे ना. आम्हीही ऐकतो, म्हणजे कोण बोलतं ते शोधायला नको."

टेबलावर कुणाचं तरी कोपर टेकलं असावं, कप हलले. कुणाला काहीच कळेना. मास्तरांचा चेहरा बघितल्यावर हळूहळू कळायला लागलं. कात्रीने दोन्ही कानांवरचा हेडफोन काढून गळ्यात घेतला. मास्तर उभेच होते. मग ते पुन्हा बसले. आज फोन करायची गरज नाही, म्हणाले.

कुणी खोलीतून उठलं नाही. लिहिणारे तिथेच लिहीत बसले. थोड्या वेळाने भिंतीवरचा फोन वाजायला लागला. त्या खोलीतला फोन एरवी फक्त खालच्या चहावाल्याचा असे. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, मास्तर टेबलाकडे. वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी कात्री उठला, भिंतीला चिकटून उभा राहिला, समोरच्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बातमीपत्र संध्याकाळी आहे. तुमच्याकडे रेडिओ असेलच." आणि त्याने फोन जाग्यावर ठेवला.

त्या संध्याकाळी आत्याने 'कावीळ' हा शब्द वाचला आणि मग त्या बाईचा आवाज लागला. कात्रीने त्यातला एक श्वासही कापला नव्हता. स्टुडिओतून बाहेर आल्यावर त्याने आत्याला सांगितलं की त्यानेही तिला एक खोटी बातमी दिली होती, बंदराच्या ठेक्याची. फोन येतो का बघायला. आला नाही, तेव्हा तो समजला की बाई भलतीच सावध आहे. आत्याने वीजमंडळाच्या अधिकाऱ्याचं सांगितलं. दोघं जिन्यात बसून इतकी हसली की भटकी वर बघायला आली.

वसाहतीत चार दिवसांनी टँकर गेले. मुलं बरी झाली. पाणीपुरवठा विभागाचा खुलासा तीन बातमीपत्रांत वाचावा लागला, तोही आत्यानेच वाचला, स्वच्छ आवाजात. कुणाला नोकरीवरून काढलं नाही. मास्तरांना मात्र काही आठवड्यांत प्रशिक्षण केंद्रात हलवलं, जिथे प्रशिक्षण घ्यायला कुणी येत नसे. निरोपाच्या वेळी सगळे गेले. आत्याही गेली. मास्तर तिला म्हणाले, तुमचा आवाज जपा, आणि त्यात टोमणा आहे की काळजी, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

नवीन संपादक आले. तरणेबांड, हसतमुख, सगळ्यांना नावाने हाक मारणारे. ते दुपारी कुणाला फोन करत नसत आणि कुणाचा फोन येतही नसे. पहिले काही दिवस सगळ्यांना मोकळं वाटलं. मग आत्याच्या लक्षात आलं की बैठकीत वादच होत नाहीत. भटकीला दूरच्या दौऱ्यांवर पाठवलं जाऊ लागलं, पिकांची प्रदर्शनं, नव्या इमारतींची उद्घाटनं. ती जे आणायची ते जसंच्या तसं लागायचं, कारण त्यात कापण्यासारखं काही नसायचंच. कात्री म्हणाला, माझ्या हाताला काम उरलं नाही. पुढे संध्याकाळच्या बातम्यांसाठी ताजा आवाज हवा असं ठरलं आणि आत्याला सकाळच्या आरोग्यसल्ल्यावर दिलं. तिथे ती पाणी उकळून प्या असं सांगायची, आणि ते सांगायला कुणाची हरकत नव्हती.

हे नवे संपादक आधी कुठे होते, ते तिला बरंच उशिरा कळलं, आणि कळलं तेही काकांकडून, सहज बोलता बोलता. ते प्रसारण खात्यातले. भाऊजींच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, दोघं एकत्र जेवायचे. संपादकाच्या जागेसाठी ते खूप आधीपासून प्रयत्न करत होते, पण मास्तरांसारखा रोज स्वतःहून फोन करणारा माणूस असताना त्याला हलवायचं कारण खात्याला नव्हतं.

आत्याने हे ऐकलं तेव्हा मी तिथेच होते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एकाच टॉवेलची तिने चार वेळा उलगडून पुन्हा घडी केली. मग काकांना काही न सांगता ती रविवारची वाट बघत राहिली.

भाऊजी आले, बुद्धिबळ हरले, चहा प्यायले. निघताना दाराशी चपला घालत होते, तेव्हा आत्याने विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी मास्तरांचं मला का सांगितलंत?"

भाऊजी वाकून दुसरी चप्पल शोधत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून."

ते जिना उतरून गेले. आत्या दार उघडं ठेवून तिथेच उभी राहिली. काका आतून ओरडले की वारा येतोय. ती मला म्हणाली, "खरंच तेवढंच असेल ना गं?" आणि माझं उत्तर यायच्या आत तिने दार लावून घेतलं. भाऊजी अजून येतात. ती त्यांना चहा देते. पण कप देताना ती त्यांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघते, आणि ते त्यांनाही कळतं.